बहिष्कार : दुकानाची पायरी न चढण्याची नीती

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "माझे पैसे मी कुठल्या दुकानात खर्च करायचे हा माझा प्रश्न. त्यात नीतिशास्त्र कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

एका माणसानं कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणं सोडलं, तर कारण विचारायचा अधिकार कुणालाच नाही. पण सगळ्या गावानं ठरवून जाणं सोडलं, की तिथं सत्ता तयार होते. आणि सत्ता म्हटली की ती कुणावर, कशासाठी आणि कुठवर, हे विचारावंच लागतं.

'बॉयकॉट' हे मुळात एका माणसाचं आडनाव. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी खंड कमी करा म्हटलं, तर त्यांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा निघाल्या. मग गावानं कारभाऱ्याला वाळीत टाकलं. शेतावर मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. म्हणजे बघा, त्या बॉयकॉटमध्ये दुकानदार गावाच्या बाजूनं होते. दुकानदारच लक्ष्य होतो, तेव्हा काय होतं?

त्यासाठी अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या पोर्ट गिब्सन या छोट्या गावात जाऊ. तिथं क्लेबोर्न परगण्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, पण अधिकाराच्या जागा आणि पेठेतली बहुतेक दुकानं गोऱ्यांची. मार्च १९६६ मध्ये कृष्णवर्णीय नागरिकांनी मागण्यांची यादी दिली. शाळा सर्वांना खुल्या करा, ज्यूरीत आणि पोलिसांत आम्हाला घ्या, दुकानांत आमची माणसं नोकरीला ठेवा. आणखी एक मागणी अशी, की प्रौढ माणसाला 'ए पोरा' म्हणून हाक मारू नका, इतरांसारखं 'मिस्टर', 'मिसेस' म्हणा. 'अरे' आणि 'अहो' यांत किती अंतर असतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. समाधानकारक उत्तर आलं नाही, तेव्हा १ एप्रिलला चर्चमध्ये शेकडो लोक जमले आणि गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्काराचा ठराव झाला.

आता अडचण पाहा. नोकरीची आणि 'अहो'ची मागणी दुकानदाराला दुसऱ्या दिवशी पुरी करता आली असती. पण ज्यूरी काही कापडवाल्याच्या हातात नव्हती. मग त्याला का वेठीला धरायचं? आंदोलकांची बाजू अशी, की या गावात सत्ताधारी ज्यांचं ऐकतात, त्यांच्याच गल्ल्यापर्यंत आमचा हात पोचतो. ही बाजू आम्हाला पटते. मात्र त्यामुळे ज्याचा दोष थोडा, त्याच्यावरही भार पुरा पडला, हेही मान्य केलं पाहिजे.

दुसरी अडचण याहून अवघड. बहिष्कार मोडून दुकानात जाणाऱ्या आपल्याच माणसांवर नजर ठेवायला दुकानांबाहेर कार्यकर्ते उभे राहिले. जाणाऱ्यांची नावं सभेत वाचली गेली, पत्रकात छापली गेली. काही थोड्या प्रसंगी हिंसाही झाली. घरावर गोळी झाडली गेली, गाडीच्या काचेवर वीट पडली, एकाची फुलबाग उद्ध्वस्त केली गेली.

१९६९ मध्ये सतरा व्यापाऱ्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टानं साडेबारा लाख डॉलरच्या आसपास भरपाई ठरवली. शेवटी जुलै १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. शांततेनं केलेला बहिष्कार हा अभिव्यक्तीचा भाग आहे, त्यातून झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येणार नाही. हिंसेनं झालेलं नुकसान मात्र ती करणाऱ्याकडून मागता येईल. नावं वाचून लोकांना लाज आणली, एवढ्यानं संरक्षण जात नाही.

कायदा इथं थांबतो. नीतीला थांबता येत नाही. ज्याचं नाव वाचलं गेलं तो कोण असेल? ज्याच्याकडे रोख पैसे आहेत, गाडी आहे, तो दुसऱ्या गावी जाऊन खरेदी करतो. ज्याची वाण्याकडे उधारीची वही आहे, तो कुठं जाणार? बहिष्काराची किंमत सगळे सारखी भरत नाहीत. ती न झेपणाऱ्याला गद्दार म्हणणं सोपं, पण न्यायाचं नव्हे. त्याच्यासाठी पर्यायी सोय करणं, हे बहिष्कार पुकारणाऱ्याचं पहिलं कर्तव्य.

आता आपल्या फोनवर येणारे संदेश आठवा. 'अमक्यांच्या दुकानातून काही घेऊ नका.' इथं आम्ही एकच प्रश्न विचारतो. उद्या सकाळी त्या दुकानदारानं काय केलं म्हणजे बहिष्कार उठेल? पोर्ट गिब्सनमध्ये याला लेखी उत्तर होतं. मजुरी द्या, मापात मारू नका, अपमान करू नका, अशा मागण्यांनाही उत्तर असतं. पण त्याचा दोष त्याचा जन्म, धर्म किंवा आडनाव एवढाच असेल, तर त्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. त्याला निषेध म्हणता येणार नाही, ती हकालपट्टी झाली. वाळीत टाकणं महाराष्ट्राला नवं नाही. जातपंचायतींच्या अशा छळामुळेच इथं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

मधलं प्रकरण उरतं. दुकानदारानं पक्षाचा झेंडा लावला, तुम्हाला तो पक्ष आवडत नाही. तुम्ही जाऊ नका, मोकळे आहात. पण त्याच्या मतासाठी त्याची भाकरी तोडायला पेठ उठवाल, तर त्या पेठेत यापुढे कुणीच खरं बोलणार नाही. शिवाय त्या दुकानातल्या नोकराचं मत तर तुम्हाला ठाऊकही नसतं.

म्हणून पायरी चढायचं थांबवण्याआधी दुकानदाराला आपली मागणी सांगता येते का, हे पाहावं. सांगता येत असेल, तर आधी सांगून पाहावी. एवढ्यावर आज थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.