माळ्यावरचा रेडिओ

बेळगाव-निपाणी भागातील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर मर्फी, फिलिप्स अथवा बुश कंपनीचा रेडिओ धूळ खात पडलेला आढळतो. तो भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी वाचकांनी मागील फळी उघडून पाहावी. आत काचेचे व्हॉल्व्ह असतील, तर तो संच राखून ठेवण्याजोगा आहे.

सीमाभागात या पेटीचे महत्त्व निराळेच होते. धारवाडचे नभोवाणी केंद्र 1950 साली सुरू झाले, पुण्याचे 1953 मध्ये व सांगलीचे 1963 मध्ये. दरम्यान 1956 साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. परंतु डायलवरील काट्याला त्याची खबर नव्हती. धारवाडची कन्नड आणि सांगलीची मराठी एकाच बटणाने ऐकू येत असे. 1952 च्या सुमारास आकाशवाणीने चित्रपटगीतांना फाटा दिला, तेव्हा हाच काटा लघुलहरींवर सिलोनकडे वळला. विविध भारती अवतरली ती 1957 मध्ये. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी आकाशातील वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांबवर पोहोचतात. म्हणून दूरची केंद्रे रात्रीच स्पष्ट लागत.

सर्वांत उत्तम संच कोणता? आमच्या मते, लाकडी पेटीचा, मोठ्या स्पीकरचा आणि केंद्र नेमके जुळताच मिटू लागणारा हिरवा ‘मॅजिक आय’ असलेला. बॅकेलाइटच्या छोट्या पेटीत तो भरदार आवाज येत नाही.

मात्र जुना संच एकदम विजेला जोडू नये. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्यातील कंडेन्सर निकामी होतात व ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हवरील पहिले इंग्रजी अक्षर वाचावे. ‘ई’ असेल तर संच बहुधा ट्रान्सफॉर्मरचा असतो. ‘डी’ असेल तर तो बॅटरीवरचा. गावात वीज येण्यापूर्वी असेच संच उपयोगी पडत. ‘यू’ असेल तर विशेष जपावे, कारण अशा संचाचा धातूचा सांगाडाच विजेच्या तारेला जोडलेला असू शकतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. तेव्हा आतील काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे.

आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील अनेक प्रक्षेपक आता बंद झाले आहेत. तरी छपरावर दहा-बारा मीटर तांब्याची तार ताणून रात्री काटा फिरवून पाहावा. वळवाचे ढग दिसू लागताच मात्र ती तार संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी.