शेवटी २५५ दिसलं, म्हणजे ब्रॉडकास्टच?

नेटवर्किंगच्या व्हायवातला हमखास प्रश्न: '१९२.१६८.१०.२५५ हा ॲड्रेस एखाद्या कम्प्युटरला देता येईल?' बहुतेक जण पटकन 'नाही' म्हणून मोकळे होतात. शेवटी २५५ म्हणजे ब्रॉडकास्ट, शेवटी ० म्हणजे नेटवर्क, हे पाठच असतं ना! खरं तर आधी उलट विचारायला हवं, 'सर, मास्क काय?'

आयपीव्ही४ ॲड्रेस म्हणजे ३२ बिट. त्यातले सुरुवातीचे किती नेटवर्कचे, हे मास्क ठरवतो, उरलेले होस्टचे. होस्टचे सगळे बिट ० केले की त्या नेटवर्कची ओळख मिळते. सगळे १ केले की ब्रॉडकास्ट. हा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखा, एकदा टाकलं की सगळ्यांना पोचतं. हे दोन सोडून मधले सगळे मशीनला द्यायला मोकळे.

स्लॅश २४ असेल तर होस्टला ८ बिट, २५६ ॲड्रेस, दोन वजा करून २५४. इथे पाठांतर बरोबर जुळतं, आणि तिथेच गोची होते. आता मास्क स्लॅश २३ करा. होस्टला ९ बिट, ५१२ ॲड्रेस. नेटवर्क १९२.१६८.१०.० ला सुरू होऊन थेट १९२.१६८.११.२५५ ला संपतं, म्हणजे ब्रॉडकास्ट हा शेवटचा. मग १०.२५५ आणि ११.० हे दोघं मधलेच की! बिनधास्त द्या.

उलट, साधासुधा दिसणारा १९२.१६८.१०.६३ घ्या. स्लॅश २६ मध्ये ६४-६४ चे गट पडतात आणि पहिला गट ६३ ला संपतो. म्हणजे हा ब्रॉडकास्ट. विंडोजमध्ये या मास्कसह टाकून बघा, सिस्टीम घेतच नाही.

हे फक्त मार्कांपुरतं नाही. १९९०च्या दशकातल्या 'स्मर्फ' हल्ल्यात हल्लेखोर दुसऱ्याच्या ॲड्रेसच्या नावाने ब्रॉडकास्टवर पिंग पाठवायचे. नेटवर्कमधली ढीगभर मशीन्स एकदम उत्तरं द्यायची आणि तो बिचारा दुसरा गुदमरायचा. शेवटी १९९९ मध्ये आरएफसी २६४४ ने ठरवलं, की बाहेरून आलेला असा ब्रॉडकास्ट राउटरने मुळात पुढे सोडायचाच नाही.

आणि 'दोन वजा करा' हा नियमही कायमचा नाही बरं का. दोनच राउटर जोडणाऱ्या लिंकवर स्लॅश ३१ चे दोन्ही ॲड्रेस वापरता येतात. आरएफसी ३०२१ ने २००० मध्येच ही मुभा दिली.

आता तुमची पाळी. १७२.१६.५.९५, स्लॅश २७. होस्ट की ब्रॉडकास्ट? गट ३२ चे पडतील, एवढीच हिंट.