मार पात्याला, तपासणी इंजिनाची

दगडाला अडून फाळ वाकला, की शिरूर कासारचा शेतकरी तो लोहाराकडे नेतो. तापवून, ठोकून फाळ सरळ होतो आणि औत पुन्हा रानात जातं. विमानाच्या प्रोपेलरच्या वाकलेल्या पात्याला हा इलाज चालत नाही.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेलं सेस्ना १५२ जातीचं प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं. शिकाऊ वैमानिक सुदैवाने वाचली. या जातीच्या विमानात लायकॉमिंगचं चार सिलिंडरचं, ११० अश्वशक्तीचं इंजिन असतं. मध्ये गिअरबॉक्स नाही. प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टलाच बोल्टांनी कसलेला. त्यामुळे चालू इंजिनात पातं जमिनीला लागलं, की सगळा हिसका क्रँकला बसतो. क्रँकच्या मागच्या टोकाला एका बोल्टवर आणि बारीक पिनेवर बसलेला गिअर असतो. व्हॉल्व्ह आणि ठिणगी, दोन्ही त्याच्याच जिवावर. तो निसटला तर इंजिन हवेतच बंद पडतं. म्हणून नुसत्या उंच गवताला घासून फेरे घटले, तरी इंजिन उघडा, असं लायकॉमिंग सांगते.

उघडलेला क्रँक वाकला आहे का, ते आधी डायल गेजवर फिरवून पाहतात. मग त्याला चुंबकत्व देऊन चमकणारे लोहकण मिसळलेला द्रव सोडतात. अंधारात अतिनील दिवा धरला, की तडा असेल तिथे केसाएवढी हिरवट रेघ उजळते. एवढ्या रेघेवर क्रँक बाद होतो.

पात्यावरची बारीक खोच कानशीने घासून गोलसर करतात, कारण तडा टोकदार कोपऱ्यातूनच सुरू होतो. रुंदी किंवा जाडी ठरलेल्या मर्यादेखाली गेली, तर पातं भंगारात.

इंजिन उघडलंच आहे, तर ताकदही वाढवावी, असं मालकाला वाटतं. जास्त दाबाचे पिस्टन आणि वेगळा प्रोपेलर बसवून १५२ ला १२५ अश्वशक्ती मिळवता येते. पण प्रत्येक इंजिन-प्रोपेलर जोडीची थरथर निराळी असते. चुकीच्या जोडीत ती पातं तोडू शकते. म्हणून मंजूर जोडीच बसवायची.

शेवटी जमिनीवर इंजिन चालवून, प्रोपेलरचं संतुलन साधून परवानाधारक अभियंता, म्हणजे एएमई, लॉगबुकवर सही करतो. विमान उभं राहिलं की फ्लाइंग स्कूलचे तास बुडतात, पैसा अडकतो. तरीही ‘अजून नाही’ म्हणण्याचा त्याचा अधिकार सगळ्यांनी मानलाच पाहिजे. एकट्याने पहिलं उड्डाण घेणारं पोर त्याच सहीच्या भरवशावर धावपट्टी सोडतं.