जादूची तलवार कोणाला द्यावी?

रविवारची दुपार आहे असे समजा. ओसरीवर तुम्ही पाच मित्र गोल करून बसला आहात. मध्ये ना पट, ना सोंगट्या. फक्त कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र आकारांचे फासे. तुमच्यापैकी एक जण गोष्ट सांगतो आहे : "पायऱ्या उतरून तुम्ही तळघरात आलात. समोर दोन दारे आहेत. उजव्या दारामागून कोणीतरी घोरत असल्याचा आवाज येतो आहे. बोला, काय करता?" बाकीचे चौघे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. एक जण योद्धा झाला आहे, एक मांत्रिक, एक कुलपे उघडण्यात पटाईत असा चोर. बेत साधला की फसला, हे फासा ठरवतो.

या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी १९७४ साली तो प्रथम प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. दोघेही टेबलावर चिमुकली सैन्ये मांडून लढाया खेळणारे शौकीन. अख्ख्या पलटणीऐवजी एका खेळाडूने एकच माणूस चालवायचा, अशी मोहीम आर्नेसनने मिनेसोटात आपल्या मित्रांबरोबर १९७१ च्या सुमारास सुरू केली होती. पुस्तकाच्या पहिल्या हजार प्रती संपायला साधारण वर्ष लागले. पुढे मात्र या एका खेळातून खेळांचे एक नवे कुळच जन्माला आले.

गोष्ट सांगणाऱ्याला या खेळात 'डंजन मास्टर' म्हणतात. आपण त्याला सूत्रधार म्हणू या. त्याचे काम वाटते तितके सोपे नाही. बुद्धिबळात प्रत्येक डावाच्या आरंभी वजीर पुन्हा एकच मिळतो, काल तुम्ही कितीही डाव जिंकलेले असोत. इथे तसे नाही. तीच पात्रे घेऊन मोहीम महिनोन् महिने चालते, आणि या रविवारी मिळालेली जादूची तलवार पुढच्या रविवारीही हातात असते. सूत्रधाराने उदार मनाने एकदा काय दिले, याचा हिशेब पुढे वर्षभर चुकवावा लागतो. तो हिशेब कसा मांडायचा, ते आज पाहू.

दोन श्रेढींची शर्यत

सुरुवातीच्या नियमांत तळघरातून सोन्याचे एक नाणे सुखरूप बाहेर आणले की अनुभवाचा एक गुण मिळे. गुण साठले की पात्र वरच्या पातळीवर जाई. योद्ध्यासाठी आकडे असे होते : दुसऱ्या पातळीला २,०००, तिसरीला ४,०००, मग ८,०००, १६,०००, ३२,००० आणि सातवीला ६४,०००. ही भूमितीय श्रेढी तुम्ही ओळखलीच असेल.

आता समजा, प्रत्येक फेरीत योद्ध्याच्या वाट्याला २,००० नाणी येतात. पहिल्याच फेरीत तो दुसऱ्या पातळीवर पोचतो. सातव्या पातळीवर पोचायला मात्र त्याला एकूण ३२ फेऱ्या लागतील. पण त्याच्या हाती एखादे जबरदस्त शस्त्र आले, त्याच्या जोरावर तो अधिक भयंकर गुहांत शिरू लागला आणि त्यामुळे त्याचा वाटा दर फेरीला दुप्पट होत गेला तर? २,०००, ४,०००, ८,०००... बेरीज करून पाहा. सहाव्याच फेरीत तो सव्वा लाखाच्या पुढे जातो! शक्तीमुळे धन, धनामुळे आणखी शक्ती : हे चक्र एकदा फिरू लागले की ते आपोआप थांबत नाही. ध्वनिक्षेपकासमोर माईक नेला की शिट्टी वाढत जाते ना, तसलाच हा प्रकार.

अशा उधळ्या मोहिमेला अमेरिकन खेळाडूंनी 'माँटी हॉल' असे नाव ठेवले. 'लेट्स मेक अ डील' हा बक्षिसांचा कार्यक्रम तिकडच्या दूरचित्रवाणीवर १९६३ साली सुरू झाला; त्याचा सूत्रसंचालक माँटी हॉल. त्याच्या आडनावाशी उच्चाराने जुळणाऱ्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ होतो 'लूट'. त्यावरची ही कोटी. (संभाव्यतेचे तीन दारांचे प्रसिद्ध कोडे याच गृहस्थांच्या नावाने ओळखले जाते, पण त्याविषयी पुन्हा कधीतरी.)

या चक्राला नियमकर्त्यांनी काही गमतीशीर खीळ घातली होती. सत्तरीच्या दशकातील पुढच्या पुस्तकांत दहा नाण्यांचे वजन एक पौंड धरले होते. म्हणजे २,००० नाण्यांचे वजन २०० पौंड, सुमारे ९० किलो! खजिना सापडला खरा, पण वाहून नेणार कोण? शिवाय १९७९ च्या सूत्रधारांच्या पुस्तकाप्रमाणे वरच्या पातळीवर जाण्यासाठी गुरूकडे शिकावे लागे, आणि आठवड्याची गुरुदक्षिणा होती १,५०० गुणिले आपली पातळी इतकी नाणी. पाचव्या पातळीच्या योद्ध्याला आठवड्याला साडेसात हजार मोजावे लागत. पाण्याच्या टाकीला तोटी हवी, तसेच हे.

एका गुणाची किंमत

सोने खर्च होते. वस्तू होत नाही. म्हणून वस्तूंचा प्रश्न अधिक अवघड. या खेळात विंशतिफलक, म्हणजे वीस बाजूंचा फासा वापरतात. तो जवळ नसेल तर वीस चिठ्ठ्यांवर १ ते २० आकडे लिहून डब्यात टाका. दर वेळी एक उचला, पाहा आणि परत टाका. गणित तेच राहते.

समजा, तुमच्या पात्राला वार लागण्यासाठी शत्रूला १६ किंवा अधिक पडावे लागतात. वीसपैकी पाच आकडे त्याच्या सोयीचे. १०० वारांत सरासरी २५ लागतील. आता तुम्हाला जादूचे चिलखत मिळाले, ज्याने संरक्षण एका गुणाने वाढते. शत्रूला १७ हवेत; लागणारे वार २०. त्यावर तशीच ढाल मिळाली : १५. मग अंगठी : १०. मग झगा : ५.

प्रत्येक वस्तू एकाच गुणाची, पण परिणाम सारखा आहे का? चिलखताने वार पंचविसाचे वीस केले, म्हणजे एकपंचमांश वाचवले. शेवटच्या झग्याने दहाचे पाच केले, अर्धे वाचवले! चारही वस्तू एकाच अंगावर चढल्या की ते पात्र पूर्वीच्या पाचपट वेळ टिकते. सूत्रधाराने मात्र चार वेगवेगळ्या रविवारी 'किरकोळ' बक्षिसेच दिलेली असतात.

आणि खरा घोटाळा पुढेच आहे. या एका पात्राला काही लागत नाही असे पाहून सूत्रधार चार गुणांनी बलवान राक्षस आणतो. आता आपल्या चिलखतधारी योद्ध्याला पुन्हा शंभरात २५ वार लागतात. पण बाकीच्यांचे काय? त्यांना ४५ लागू लागतात. चोर मरतो, मांत्रिक मरतो. राक्षस न बदलावा, तर योद्धा एकटाच सगळे उरकतो आणि बाकीचे तिघे नुसते शेंगा खात बसतात. पुढच्या रविवारी त्यांतला एक येत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा येत नाही. अनेक मोहिमा अशाच संपतात. ड्रॅगनच्या आगीत नव्हे.

म्हणूनच २०१४ च्या नियमपुस्तकात तोड काढली गेली, की अंगठी, झगा यांसारख्या बऱ्याच वस्तू आधी पात्राशी 'जुळवून' घ्याव्या लागतात, आणि अशा वस्तू एका वेळी तीनच जुळवता येतात. चौथी हवी तर एक सोडा, नाहीतर मित्राला द्या. मला हा नियम फार आवडतो. तो काही हिसकावून घेत नाही. वाटून घ्यायला लावतो.

किती मोठी, की किती वेळा?

आता एक प्रश्न. साधी तलवार फिरवणाऱ्या योद्ध्याला दोनपैकी एक वस्तू द्यायची आहे : तीन गुणांची तलवार, की एका झटक्यात आगीचा गोळा फेकणारी कांडी? बहुतेक नवे सूत्रधार कांडीला घाबरतात आणि तलवार देऊन टाकतात. हिशेब करू.

प्रत्येक पात्राला व राक्षसाला ठरावीक 'प्राण' असतात. वाराने ते कमी होतात. साध्या तलवारीचा वार निम्म्या वेळा लागतो आणि आठ बाजूंच्या फाशाने सरासरी साडेचार प्राण घेतो असे धरा. म्हणजे वारामागे सरासरी २.२५. तीन गुणांची तलवार १०० पैकी ६५ वेळा लागते आणि दर वेळी साडेसात प्राण घेते. वारामागे सुमारे ४.९. दुपटीहून जास्त! दिवसात वीस वार केले तर साध्या तलवारीने ४५ प्राण, जादूच्या तलवारीने जवळजवळ ९८. फरक सुमारे ५३.

अग्निगोलासाठी सहा बाजूंचे आठ फासे टाकतात. सरासरी २८. म्हणजे एकाच शत्रूपुरते पाहिले तर ती सोज्वळ दिसणारी तलवार रोज जवळजवळ दोन अग्निगोलांचे काम करते, आणि तेही कायमचे. अग्निगोल एकाच वेळी अनेकांना भाजतो, हे खरे. पण तो रोज किती वेळा फेकता येतो, हे सूत्रधाराच्या हाती असते. शक्ती किती मोठी, यापेक्षा ती किती वेळा वापरता येते हे आधी पाहायला हवे.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. महाभारतात कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने कर्णाला जी शक्ती दिली, ती एकदाच वापरता येणारी होती. कर्णाने ती अर्जुनासाठी जपून ठेवली आणि घटोत्कचावर खर्च करावी लागली. ती हवी तितक्या वेळा वापरता आली असती, तर ती गोष्ट दोन ओळींत संपली असती. याउलट भस्मासुराचा वर. त्याला मर्यादाच नव्हती, म्हणून देणाऱ्यालाच पळायची वेळ आली!

डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या मांत्रिकांची मर्यादा जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातून आली. त्यातील जादूगारांच्या डोक्यात एका वेळी मोजकेच मंत्र मावतात, आणि मंत्र म्हटला की तो स्मरणातून पुसला जातो. म्हणून खेळातल्या मांत्रिकाला सकाळीच ठरवावे लागे, आज कोणते मंत्र बरोबर न्यायचे. परीक्षेला जाताना चारच सूत्रे पाठ करायची मुभा असावी, तसे.

सर्वांत बलवान मंत्र म्हणजे 'इच्छा'. मागाल ते मिळते. २०१४ च्या नियमांत एखाद्या साध्या मंत्राची नक्कल करण्यापलीकडे त्याच्याकडून काही मागितले, तर तो पुन्हा कधीच म्हणता न येण्याची शक्यता शंभरात ३३ असते. तीनदा असे मागूनही मंत्र शाबूत राहण्याची शक्यता काढा : ०.६७ × ०.६७ × ०.६७, म्हणजे सुमारे ०.३०. मंत्र दिला आहे, बंदी कसलीच नाही. तरी खेळाडू तो उच्चारण्यापूर्वी दहादा विचार करतो.

चूक होऊन गेली असेल तर

तुम्ही सूत्रधार आहात आणि भलतीच तलवार देऊन बसला आहात, असे समजा. पुष्कळ जण रात्री झोपेत चोर पाठवून ती पळवतात. असे करू नका. खेळाडूने ती नियमाने मिळवलेली असते. तुमच्या चुकीचा दंड त्याने का भरावा? खेळाबाहेर येऊन, चौघांसमोर, "माझा अंदाज चुकला" असे सरळ सांगा. तलवारीला काही किंमत जोडता येईल का, हे त्यालाच विचारा. माझा अनुभव असा, की ज्याची वस्तू असते तोच सर्वांत कडक अट सुचवतो. किंवा बाकीच्या तिघांना असे काही द्या, जे तलवारीला जमत नाही : कुलपे उघडणारी किल्ली, पाण्याखाली श्वास देणारे मणी. तलवारीने दार तोडता येते. दारामागे कोण घोरतो आहे ते कळत नाही.

आणि त्या कांडीचे काय? २०१४ च्या पुस्तकात तिच्यात, बंदुकीत भरावेत तसे, सात बार असतात. रोज पहाटे त्यांतले दोन ते सात पुन्हा भरतात, सातच्या मर्यादेत. मात्र शेवटचा सातवा बारही उडवला, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. १ पडला की कांडीची राख. एक बार नेहमी शिल्लक ठेवणाऱ्याची कांडी आयुष्यभर टिकते. पण ड्रॅगन समोर उभा आहे, मित्र जमिनीवर पडला आहे आणि कांडीत एकच बार आहे, तेव्हा?

चिठ्ठ्यांचा डबा तयार असेलच. १ ची चिठ्ठी येईपर्यंत उचलत राहा आणि कितव्या वेळी आली ते लिहून ठेवा. चौदा वेळा उचलूनही १ न येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी असते. पण काहींना ती पहिल्याच खेपेला येईल, काहींना साठाव्या. वर्गातील प्रत्येकाने हा प्रयोग चारदा करून सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा, आणि सरासरी विसाच्या किती जवळ येते ते पाहा.