१७ सप्टेंबर : मराठवाडा मुक्तिदिनाविषयीचे गैरसमज

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते, हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात, शाळाशाळांत भाषणे होतात. त्या भाषणांत पुष्कळदा एक वाक्य ऐकू येते : याच दिवशी मराठवाडा महाराष्ट्रात सामील झाला. हे खरे नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या दिवशी संस्थानाच्या लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने भारतीय सैन्याविरुद्धची लढाई थांबवत असल्याचे जाहीर केले. औपचारिक शरणागती दुसऱ्या दिवशीची. १८ तारखेला निजामाच्या फौजेचे प्रमुख जनरल एल एदरूस भारतीय सैन्याचे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांना शरण आले.

त्यानंतरचा प्रवास बराच लांबचा आहे. आधी लष्करी प्रशासन आले. भारताची राज्यघटना संस्थानाला लागू होईल, असे फर्मान निजामाने २३ नोव्हेंबर १९४९ रोजी काढले. २६ जानेवारी १९५० पासून तोच निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. तेव्हा ‘निजामाला हाकलून दिले’ हेही खरे नाही. त्याची सत्ता गेली. मान आणि तनखा राहिला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आजचे आठ जिल्हे याच पाचांमधून झाले. जालना, लातूर आणि हिंगोली नंतरचे.

‘देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, मग आपणही झालोच की’ हा समज मराठवाड्याबाहेर जास्त आढळतो. प्रत्यक्षात त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकावणे हा गुन्हा होता. तो फडकावला म्हणून हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम सरकारने भारताशी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार केला, पण स्वतंत्र राहण्याची खटपट सोडली नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली. मराठवाड्याला स्वातंत्र्यासाठी आणखी तेरा महिने लढावे लागले.

हैदराबादवरच्या सप्टेंबर १९४८ च्या कारवाईला जुनी माणसे ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. त्यामुळे पोलिसांनीच कारवाई केली, असे नव्या पिढीला वाटते. मोहीम सैन्याची होती, तिचे नाव ‘ऑपरेशन पोलो’. हा देशांतर्गत प्रश्न आहे, दोन देशांमधले युद्ध नाही, अशी भारत सरकारची भूमिका असल्याने पोलीस कारवाई हा शब्द वापरला गेला. मुख्य तुकडी १३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून निघाली आणि नळदुर्ग त्याच दिवशी हाती आले. मराठवाड्यातली बरीच मोठी गावे १७ तारखेच्या आधीच निजामाच्या हातून गेली होती.

पाच दिवसांची ही मोहीम इतकी ठळक आहे की तिच्यामागची दहा वर्षे झाकली जातात. ‘सैन्य आले आणि सुटका झाली’ असे म्हणणे त्या दहा वर्षांवर अन्याय आहे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. त्याच साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. १९४७-४८ मध्ये संस्थानाच्या हद्दीबाहेर सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. तिथून तरुण आत शिरून रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, ठाण्यांवर आणि करोडगिरी (जकात) नाक्यांवर हल्ले करत. १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली गेली, तीही लढ्याच्या खर्चासाठी. गावोगावच्या स्मारकांवर ज्यांची नावे आहेत, ती याच काळातली माणसे.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे हा हिंदू-मुसलमानांचा लढा होता, हा. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याने धर्माच्या नावाने माणसे जमवली आणि त्यांच्या अत्याचारांच्या आठवणी मराठवाड्यातल्या घराघरांत आजही सांगितल्या जातात. त्या खऱ्याच आहेत. पण भारतात सामील व्हा, असे निर्भयपणे लिहिणारा ‘इमरोज’ या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा हैदराबादेत निर्घृण खून झाला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर तेलंगणातले शेतकरी ज्या देशमुखांच्या जुलमाविरुद्ध उठले, ते देशमुख बहुतांशी हिंदू होते आणि निजामाच्या राज्यात सुखाने नांदत होते. लढा सरंजामी सत्तेविरुद्ध होता.

एक गोष्ट सहसा भाषणांत येत नाही, पण ती सांगायलाच हवी. शरणागतीनंतर सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे तिने नोंदवले. मृतांचा तिचा अंदाज होता २७ ते ४० हजार, आणि तोही हात राखून केलेला. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांचे अत्याचार सांगताना हे गाळले, तर हुतात्म्यांचा मान वाढत नाही.

हा दिवस एकट्या मराठवाड्याचाही नाही. संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड भाषिक होते. आज कलबुर्गीतही (पूर्वीचे गुलबर्गा) १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते. तेलंगणात मात्र या दिवसाला मुक्तिदिन म्हणावे की एकात्मता दिन, यावर राजकीय पक्षांचे अजूनही एकमत नाही.

रझाकारी स्वतः पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, गावात असे कोणी असेल, तर येत्या १७ सप्टेंबरची वाट न पाहता त्यांच्याशी बोला आणि ते सांगतील ते नावांसह, गावांसह लिहून ठेवा.