आपली पट्टी आपणच सांगावी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारी माझी भाची कॉलेजातून आली ती थेट आतल्या खोलीत जाऊन बसली. जेवायला हाक मारली तरी उत्तर नाही. शेवटी मीच ताट घेऊन गेले, तेव्हा म्हणाली, "मावशी, मी गॅदरिंगला गाणार नाही. माझा आवाजच चांगला नाही."

मला नवलच वाटलं. ही पोरगी गच्चीवर कपडे वाळत घालताना, केस विंचरताना सतत गुणगुणत असते. गणपतीत आरतीला तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मग तो एकाएकी वाईट कसा झाला?

हळूहळू सगळं बाहेर आलं. कॉलेजातल्या तीन मुलांनी बँड काढलाय. एक गिटार, एक कीबोर्ड, एक ड्रम. गाणाऱ्या मुलाला वेळ नव्हता म्हणून हिला बोलावलं. गाणं एका पुरुष गायकाचं, आणि मुलं ते त्याच्याच पट्टीत वाजवत होती. खालून गायला जावं तर हिचा आवाज विहिरीत पडलेल्या घागरीसारखा, आणि वरच्या सप्तकात गेलं तर नुसतं किंचाळणं. दोन दिवस तालीम झाली आणि मुलं म्हणाली, "तुझी रेंज नाही गं. तू मागे कोरसला उभी राहा."

मी लहानपणी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा प्रवेशिकेपर्यंत दिल्या होत्या. पुढे लग्न, संसार आणि मंडळाचं काम यात पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. त्या रात्री ती खाली काढली, धूळ झटकली आणि भाचीला म्हटलं, "तुला बरं वाटेल तिथून गा." ती गायला लागली. मी सूर शोधत गेले. तिचा सा सापडला पांढरी पाचला, आणि गाणं असं मोकळं लागलं की शेजारच्या वहिनी खिडकीत येऊन उभ्या राहिल्या.

"मुलं कुठून वाजवतात?"

"सी मधून."

सी म्हणजे आपली पांढरी एक. पुरुष मंडळी ढोबळमानाने पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात. बायकांची पट्टी बहुतेकदा पांढरी चारपासून काळी पाचपर्यंत कुठेतरी असते. म्हणजे दोष आवाजाचा नव्हताच, पट्टीचा होता!

सांगता यायला हवं

दुसऱ्या दिवशी तिने मुलांना तसं सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "मग सगळे कॉर्ड्स बदलावे लागतील. कुठले लागतील ते सांग, वाजवतो." तिला सांगता येईना. घरी येऊन तिने मला विचारलं, तर मलाही येईना. आमच्या शास्त्रीय शिकवणीत कॉर्ड हा प्रकारच नव्हता.

मैत्रिणींनो, मला ते फार लागलं. महिला मंडळात मी बायकांना नेहमी सांगते, सातबारा स्वतः वाचायला शिका, पासबुक स्वतः वाचा, कुणी म्हणेल तिथे सही करू नका. आणि इथे माझ्या घरातली मुलगी मागे उभी राहायला तयार झाली होती, का, तर कागदावरची चार अक्षरं आम्हा दोघींना वाचता येत नव्हती. गॅदरिंगला तीन आठवडे होते. ओळखीतून एक छोटा कीबोर्ड मागून आणला आणि रात्रीची भांडी आवरली की आम्ही दोघी शिकायला बसू लागलो.

बारा पट्ट्यांचा हिशेब

"म्युझिक थिअरी" म्हटलं की डोळ्यांसमोर पाच रेघांवरचे काळे ठिपके येतात आणि छातीत धडकी भरते. पण पॉप वाजवणाऱ्याला सुरुवातीला त्या ठिपक्यांची गरजच नसते. गरज असते ती मोजता येण्याची.

पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बारा पट्ट्या. शेजारच्या पट्टीवर जाणं म्हणजे एक पायरी, मग ती काळी असो की पांढरी. आता कुठल्याही पट्टीला सा माना आणि असं चढा: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. झाले आपले सात शुद्ध स्वर. आपण याला बिलावल थाट म्हणतो, ते मेजर स्केल म्हणतात. पांढरी एकपासून निघालात तर सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात. पांढरी पाचपासून निघालात तर फक्त नीच्या जागी एक काळी लागते, काळी तीन. करून बघा, जमतंच.

आता कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन स्वर, एक सोडून एक घेतलेले. सा, ग, प. सा ते ग चार पायऱ्या, ग ते प तीन. हा मेजर. हिशेब उलटा केला, आधी तीन आणि मग चार, की ग कोमल होतो आणि तो झाला मायनर. मेजर ऐकला की सकाळचं ऊन अंगावर आल्यासारखं वाटतं. मायनर ऐकला की कातरवेळ.

मग स्वरांना नंबर द्यायचे, एक ते सात. एक नंबरचा कॉर्ड सा-ग-प. चार नंबरचा म-ध आणि वरचा सा. पाच नंबरचा प-नी आणि वरचा रे. नीट पाहिलंत तर या तीन कॉर्ड्समध्ये सातही शुद्ध स्वर येऊन जातात. म्हणून तर साध्या चालीचं गाणं या तिघांवर निभावून जातं. त्यात सहा नंबर, म्हणजे ध आणि वरचे सा-ग, हा मायनर घातला की जगभरची कितीतरी पॉप गाणी याच चौघांच्या जिवावर उभी असलेली दिसतात.

यात एक नंबर म्हणजे घर. पाच नंबर म्हणजे दिवेलागणीची वेळ, घरी परतायची ओढ लावणारी. ती ओढ का लागते? पाच नंबरात नी असतो, आणि नीपासून वरचा सा एकाच पायरीवर. दारापर्यंत आलेला माणूस उंबऱ्यावर थोडाच थांबतो?

चार अक्षरांचा कागद

मुलांच्या कागदावर लिहिलं होतं: सी, जी, ए मायनर, एफ. इंग्रजी नावं ए ते जी अशी सातच, आणि सी म्हणजे पांढरी एक. बोटांची पेरं मोजत आम्ही नंबर घातले. सी एक, जी पाच, ए मायनर सहा, एफ चार. म्हणजे गाणं होतं एक-पाच-सहा-चार. आता घर बदललं, सी ऐवजी जी, तरी नंबर तेच राहतात. जीला एक म्हटलं की पाच येतो डी, सहा येतो ई मायनर आणि चार येतो सी. नवा कागद तयार: जी, डी, ई मायनर, सी. आम्ही तीन रात्री ज्याला घाबरलो होतो ते काम पाच मिनिटांत झालं.

पुढची गंमत तर आम्हाला माहीतच नव्हती. गिटारवर नव्याने शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त रडवतो तो एफ. त्यासाठी एकच बोट आडवं टाकून तारा दाबून धराव्या लागतात. आमच्या कागदावर एफ नव्हताच! गिटारवाल्या मुलाने एकदा वाजवलं, थांबला, पुन्हा वाजवलं आणि म्हणाला, "अरे, हे तर सोपंय." कीबोर्डवाल्याचं काम त्याहून हलकं. त्याच्याकडे ट्रान्सपोजचं बटण असतं. पण किती पायऱ्या सरकवायचं हे कुणीतरी सांगावं लागतं. "सात पायऱ्या वर," हे भाचीने सांगितलं.

गॅदरिंगला ती पुढे उभी राहून गायली. दुसऱ्या कडव्यात एक ओळ विसरली, ती तिने ला-ला करून मारून नेली. पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, हे मी शेवटच्या रांगेत बसून सांगते. नंतर मुलांनी पुढचं गाणं निवडलं तेव्हा आधी तिला विचारलं, "तुझी पट्टी कोणती?" मला टाळ्यांपेक्षा त्या प्रश्नाचं जास्त अप्रूप वाटलं.

आता जॅझचं वेड

आता तिला जॅझ शिकायचंय. तिथे तीन स्वरांवर चौथा चढतो. सा-ग-प वर नी ठेवला की तोच कॉर्ड जरा मुरलेल्या लोणच्यासारखा लागतो. जॅझमध्ये दोन-पाच-एक ही चाल पुन्हा पुन्हा भेटते. दोन म्हणजे रे-म-ध आणि वरचा सा. पाच म्हणजे प-नी आणि वरचे रे-म. आणि मग एक, म्हणजे घर. पाचमध्ये नी आणि म दोघंही आहेत. नीला एक पायरी चढून सा गाठायचाय, मला एक पायरी उतरून ग गाठायचाय. दोघांची ओढ एकदम लागते, म्हणून एक आला की ऐकणाऱ्याला हुश्श वाटतं.

जॅझचा थोरला भाऊ ब्लूज. त्याचं सगळ्यात ओळखीचं आवर्तन बारा मात्रागटांचं, एकेक गट चार मात्रांचा. पहिले चार गट एक नंबरवर, दोन चारवर, दोन पुन्हा एकवर, मग पाच, चार आणि शेवटचे दोन एकवर. तीनतालाची सोळा मात्रांची टाळी-खाली हातावर धरता येते, तसंच हेही धरता येतं.

आणि तिथली एक रीत मला फार आवडली. गाणारीने आपली पट्टी सांगायची आणि वाजवणाऱ्यांनी ती धरायची. एकच गाणं दोन गायिका दोन पट्ट्यांत गातात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. स्टेजवर बोलायला वेळ नसेल तर बरेच बँडवाले बोटांनी खूण करतात. एक बोट वर म्हणजे जी, दोन वर म्हणजे डी, एक बोट खाली म्हणजे एफ.

आपल्याच मातीतले

हे सगळं परदेशी वाटेल, पण ते आपल्या शेजारच्या गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलंय. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर मुंबईला आले. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवत, दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत. संगीतकाराला चाल सुचायची, आणि तिच्यामागे कॉर्ड्स नि व्हायोलिनचे भाग लिहून द्यायचं काम अनेकदा ही मंडळी करत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात ते नाव आलं ती शिष्याने केलेली आठवण होती.

आणि उषा उथुप! आवाज इतरांत बसत नाही म्हणून शाळेच्या गाण्याच्या वर्गातून आपल्याला बाहेर काढलं होतं, हे त्यांनीच अनेक मुलाखतींत सांगितलंय. त्याच बाईंनी १९६९ मध्ये चेन्नईच्या एका नाइट क्लबात साडी नेसून, त्याच खर्जातल्या आवाजात पॉप आणि जॅझ गायला सुरुवात केली. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. आवाज बारीक करून त्या इतरांसारख्या गायल्या असत्या, तर आज त्यांचं नाव आपल्याला ठाऊक असतं का?

सुरुवात कुठून करायची?

क्लास लावलाच पाहिजे असं नाही. घरात जुनी पेटी असेल तर ती काढा. नसेल तर मोबाइलवर कीबोर्डचं फुकट ॲप मिळतं. पहिला आठवडा फक्त आपला सा शोधा. आवडतं गाणं सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या ओळीसकट जिथून न ओढता गाता येईल, ती आपली पट्टी. ती वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात तिथून दोन-दोन-एक चढा. तिसऱ्यात एक, चार, पाच हे तीन कॉर्ड बसवा आणि त्यांच्यावर एखादं साधं गाणं म्हणा. कुठे कॉर्ड बदलायचा ते कान सांगतो. चुकला की लगेच खुपतं. रोज वीस मिनिटं पुरतात. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडा जास्त.

घरातली मुलगी "मला गाता येत नाही" म्हणाली, तर तिला लगेच गप्प बसवू नका आणि लगेच समजूतही घालू नका. आधी विचारा, कुणाच्या पट्टीत गात होतीस?

मलाही यातून एक मिळालंच. आमच्या भजनी मंडळात पेटीवाले भाऊ वर्षानुवर्षं काळी एकला सूर धरतात आणि आम्ही बायका माना ताणत गातो. "आता वय झालं, आवाज राहिला नाही," असं एकमेकींना म्हणतो. गेल्या एकादशीला मी हळूच म्हटलं, "भाऊ, आज काळी चार घ्या."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि भाता ओढला. त्या दिवशी सत्तरीतल्या आमच्या काकू अख्खा अभंग न थांबता गायल्या.