बंदुकीचा धक्का कमी कसा होतो?

बंदुकीचा चाप ओढला की छरे पुढे जातात आणि बंदूक मागे येते. मागे येणाऱ्या बंदुकीचा धक्का खांद्याला बसतो. नवव्या-दहाव्या इयत्तेत न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना हे उदाहरण आपण हमखास देतो, पण बहुधा तेवढ्यावरच थांबतो. धक्का किती बसतो, तो कशाने वाढतो, कशाने कमी होतो, हे प्रश्न तसेच राहतात. एखाद्या घराला मात्र या प्रश्नांची उत्तरे खरोखर लागतात.

लोधिवली हे खालापूर तालुक्यातले जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. खालापूर-कर्जतच्या या पट्ट्यात कारखाने, भातखाचरे आणि वस्तीपासून दूर असलेली एकाकी घरे शेजारी शेजारी आहेत. अशा घरात राहणारा एखादा साठी उलटलेला माणूस किंवा अंगाने किरकोळ असलेली स्त्री संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागते तेव्हा पहिली शंका येते ती हीच, की हिचा धक्का आपल्याला सोसेल का? दुकानदार म्हणतो, हलकी घ्या. शेजारी म्हणतो, लहान बोअरची घ्या. या दोन्ही सल्ल्यांची आपण गणिताने पारख करू.

कायदा थोडक्यात

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. रायगडसारख्या जिल्ह्यात हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पोलीस चौकशीनंतर निर्णय होतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. कायद्याच्या १३ व्या कलमात दोन प्रकारच्या बंदुकांचा मुद्दाम उल्लेख आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक. गुळगुळीत नळीची म्हणजेच आपली नेहमीची छऱ्याची बंदूक. शेती संरक्षणाचा परवाना मिळाला म्हणून रानडुक्कर मारता येते असे मात्र नाही. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली वेगळी परवानगी लागते.

‘बारा बोअर’ म्हणजे काय?

बोअरचा आकडा हे नळीच्या व्यासाचे माप नव्हे. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बेताची बसेल ती नळी १२ बोअरची. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. त्याचा बारावा भाग सुमारे ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४ धरली तर गोळीचे घनफळ ३.३३ घन सेंटिमीटर आणि व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. २० बोअरसाठी हेच केले की १५.६ मिलिमीटर येतात. म्हणजे बोअरचा आकडा वाढला की नळी लहान होते. पॉइंट ४१० हा प्रकार याला अपवाद आहे. तिथे आकडा नळीचा व्यासच सांगतो, ०.४१० इंच, म्हणजे सुमारे १०.४ मिलिमीटर.

पुढे जेवढा संवेग, तेवढाच मागे

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. बार उडण्यापूर्वी बंदूक आणि काडतूस दोन्ही स्थिर असतात, म्हणून एकूण संवेग शून्य. बार उडाल्यावरही तो शून्यच राहिला पाहिजे. तेव्हा नळीतून पुढे जेवढा संवेग जाईल तेवढाच बंदुकीला मागच्या दिशेने मिळतो.

समजा, १२ बोअरच्या काडतुसात ३२ ग्रॅम छरे आहेत, छऱ्यांमागचा प्लॅस्टिकचा पेला ३ ग्रॅमचा आहे आणि दारू २ ग्रॅम. छरे व पेला सेकंदाला ३७० मीटर वेगाने बाहेर पडतात. दारू जळून झालेला वायू त्याहून जलद जातो, त्याचा वेग ढोबळमानाने ४६० धरू. मग पुढे जाणारा संवेग असा:

०.०३५ × ३७० + ०.००२ × ४६० = सुमारे १३.९ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद.

बंदूक ३.२ किलोग्रॅमची असेल तर तिचा मागे येण्याचा वेग १३.९ ÷ ३.२ = ४.३ मीटर प्रतिसेकंद. तिची गतिज ऊर्जा सुमारे ३० ज्यूल. तीच बंदूक जवळजवळ एक मीटर उंचीवरून खांद्यावर पडली तर जेवढी ऊर्जा घेऊन येईल तेवढी ही आहे.

आता छऱ्यांची ऊर्जा काढून पाहावी. ती २१९० ज्यूलच्या आसपास येते. संवेग जवळपास सारखा असूनही ऊर्जेत एवढा फरक का? कारण संवेग तोच असेल तर ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. बंदूक छऱ्यांच्या शंभरपट जड, म्हणून तिच्या वाट्याला ऊर्जा अगदी थोडी येते. बंदूक खांद्याला लावून उडवता येते ती याच कारणाने.

चार बंदुका, चार धक्के

वेग सर्वत्र ३७० धरून पुढील तुलना केली आहे.

अ) १२ बोअर, छरे ३२ ग्रॅम, बंदूक ३.२ किलोग्रॅम: ३० ज्यूल.
आ) काडतूस तेच, पण बंदूक हलकी, २.६ किलोग्रॅम: ३७ ज्यूल.
इ) १२ बोअर, हलके काडतूस, छरे २४ ग्रॅम व दारू १.७ ग्रॅम, बंदूक ३.२ किलोग्रॅम: १८ ज्यूल.
ई) २० बोअर, छरे, पेला व दारू ‘इ’ इतकेच, बंदूक २.६ किलोग्रॅम: २२ ज्यूल.

‘अ’ आणि ‘आ’ पाहिले की दुकानदाराच्या सल्ल्याचा निकाल लागतो. हलकी बंदूक उचलायला सोपी, पण धक्का जास्त देते. ‘इ’ आणि ‘ई’ पाहिले की शेजाऱ्याचा सल्लाही अर्धाच खरा ठरतो. नळी लहान आहे म्हणून धक्का कमी होत नाही. लहान नळीतून एरवी माल कमी जातो म्हणून तो कमी होतो. तेवढाच माल १२ बोअरच्या जड बंदुकीतून गेला तर धक्का आणखी कमी बसतो.

पॉइंट ४१० चे नेहमीचे काडतूस साधारण १४ ग्रॅम छऱ्यांचे असते. अडीच किलोग्रॅमच्या बंदुकीत त्याचा धक्का सुमारे ८ ज्यूल. मात्र छरे निम्म्याहून कमी, तेव्हा नेम अधिक अचूक हवा. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट उलटी आहे. तिच्यात काळी दारू वजनाने बरीच जास्त लागते, ती वायू आणि धूर होऊन पुढे जाते आणि तिचाही हिशेब खांद्याला चुकवावा लागतो.

धक्का किती वेळात बसतो?

ऊर्जा तीच असली तरी ती किती अंतरात शोषली जाते यावर बल ठरते. ३० ज्यूल २ सेंटिमीटरमध्ये थांबवायचे तर सरासरी बल १५०० न्यूटन लागते. दस्त्याला जाड, मऊ रबराची गादी लावली आणि हे अंतर साडेतीन सेंटिमीटर झाले, तर बल सुमारे ८६० न्यूटनवर येते. क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे नेतो, त्यातले तत्त्व हेच. गादी रुंद असली की बल मोठ्या क्षेत्रावर पसरते आणि दाब कमी होतो.

तोफांच्या बाबतीत हा प्रश्न फार मोठा होता. मुरूड-जंजिऱ्याला सहल गेली तर कलाल बांगडी ही अवजड तोफ दाखवून विद्यार्थ्यांना विचारावे की एवढे वजन कशासाठी? मैदानी तोफ मात्र ओढून न्यायची, म्हणून हलकी लागे आणि प्रत्येक बाराला गाडीसकट मागे सरे. १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेत नळी गाडीवर मागे सरकू लागली. तेल आणि दाबलेली हवा तिचा धक्का शोषून तिला पुन्हा जागेवर आणू लागली आणि गाडी जागची हलेनाशी झाली. काही स्वयंभरणी बंदुकांत वायूचा थोडा भाग यंत्रणा मागे ढकलण्यात खर्च होतो, तेव्हाही धक्का असाच जास्त वेळात विभागला जातो. परवान्यात कोणता प्रकार बसतो हे आधी विचारून घ्यावे.

बंदूक धरण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट टेकवला तर शरीराचे वस्तुमान बंदुकीला जोडले जाते. मध्ये फट राहिली तर बंदूक आधी वेग घेते आणि मग आदळते. दस्ता फार लांब असेल तर बुटक्या माणसाला तो नीट टेकवताच येत नाही. म्हणून दस्त्याची लांबी अंगाला जुळती असणे बोअरच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे.

नेम, भिंत आणि काडतूस

धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि नळी हलते. छरे पसरतात, मग नेमाची गरज काय, असा एक समज आहे. पण खोलीभर अंतरात ते वीतभर जागेतही पसरत नाहीत. चुकलेला बार कुडाच्या किंवा पत्र्याच्या भिंतीतून पलीकडे जातो, आणि पलीकडे घरचेच कोणी निजलेले असू शकते. त्यामुळे नेमाने उडवता येईल एवढाच धक्का असलेली बंदूक ही चैन नसून सुरक्षेची बाब आहे.

जुन्या बंदुकीच्या काडतुसाच्या कोठीची लांबी पाहून घ्यावी. ६५ मिलिमीटरच्या कोठीत ७० मिलिमीटरचे काडतूस घातले तर दाब धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतो. १२ आणि २० बोअरची काडतुसे एका घरात ठेवू नयेत. २० चे काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकते, आणि मागे १२ चे घालून बार काढला तर नळी फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे. बंदूक रिकामी करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. भारतीय न्याय संहिता २०२३ मध्येही स्वसंरक्षणाचा हक्क गरजेपुरताच दिला आहे. दिवा, कुत्रा, मजबूत कडी आणि शेजाऱ्याची हाक यांचा क्रम बंदुकीच्या आधी लागतो.

वर्गात करण्याजोगे

कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याचे मागचे पाय दाबून दोऱ्याने बांधावेत. गुळगुळीत टेबलावर गोल पेन्सिली समांतर मांडून त्यावर चिमट्याच्या दोन बाजूंना १०० आणि २०० ग्रॅमची डबडी पायांना टेकवून ठेवावीत. दोरा काडीने जाळला की डबडी विरुद्ध दिशांना जातात आणि हलके डबडे साधारण दुप्पट वेगाने सुटते. संवेग सारखा, मग ऊर्जा कोणाला किती मिळाली हे विद्यार्थ्यांनी काढावे. काडी शिक्षकांनीच ओढावी.

चित्रपटात बार लागलेला माणूस हवेत मागे फेकला जातो. ३२ ग्रॅम छऱ्यांचा संवेग ६० किलोग्रॅमच्या माणसाला दिला तर त्याचा वेग किती होईल? सेकंदाला जेमतेम २० सेंटिमीटर. तसे नसते तर उडवणाराही तितकाच मागे फेकला गेला असता.

शेवटी एक गणित. ‘इ’ मधल्या काडतुसाचा धक्का १५ ज्यूलवर आणायचा असेल तर बंदूक किती वजनाची हवी? उत्तर सुमारे ३.९ किलोग्रॅम येईल. मग विद्यार्थ्यांनी तेवढ्याच वजनाची पिशवी काठीला बांधावी, काठी दोन्ही हातांनी खांद्याच्या उंचीवर समोर धरावी आणि हात किती सेकंदांत थरथरू लागतात ते मोजावे. धक्का कमी करण्याची किंमत कुठे द्यावी लागते, ते त्यावरून कळेल.